चौकातला शिसू

लखनौच्या चौकाविषयी उर्दूत आणि इंग्रजीत जे विपुल लेखन झाले आहे, त्यात अत्तराची दुकाने आहेत, मुशायरे आहेत, कोठ्यांवरील गाणे आहे, दरबारी अदबीचे सूक्ष्म नियम आहेत, आणि तलम मलमलीवर पांढऱ्या दोऱ्याने पांढरीच फुले उठवणारी चिकनकारी तर आहेच. परंतु ही फुले दोऱ्याने भरली जाण्यापूर्वी ज्या लाकडी ठशाने ती कापडावर उमटवली जातात, तो ठसा कोरण्याजोगे लाकूड सिद्ध होण्यास किती काळ लागतो आणि तो काळ आजवर कोणाकोणाच्या पदरी पडत आला, याची विचारपूस क्वचितच कोणी केली आहे. चिकनकारीचा इतिहास सुईपासून न मांडता लाकडाच्या वखारीपासून मांडला पाहिजे, असे मला फार दिवस वाटत आले आहे. लाकूड वाळत ठेवून वाट पाहण्याचा भार एके काळी नदी वाहत होती, वखारवाला वाहत होता, आणि या दोघांच्या पाठीशी दरबारची कायमची मागणी उभी होती; गेल्या दीडशे वर्षांत तो भार हळूहळू खाली सरकत अखेर ज्याच्या घरात एक ओंडका ठेवायलाही जागा नाही त्या कारागिराच्या माथी येऊन बसला. ही हकीकत त्या भाराची आहे.

चौक हा लखनौचा जुना गाभा. गोल दरवाज्यापासून अकबरी दरवाज्यापर्यंत जाणारा अरुंद बाजाररस्ता आणि त्याला दोन्ही अंगांनी फुटलेल्या गल्ल्या एवढाच त्याचा विस्तार. पण याच परिसरात फिरंगी महाल आहे, जो मूळचा एका युरोपीय व्यापाऱ्याचा वाडा, औरंगजेबाने सतराव्या शतकाच्या अखेरीस मुल्ला कुतुबुद्दीन सिहालवी यांच्या मुलांना दिलेला, आणि ज्यातून निघालेला दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रम पुढे हिंदुस्थानभरच्या मदरशांत शिकवला जाऊ लागला. १७७५ साली असफउद्दौलाने फैजाबाद सोडून राजधानी लखनौस आणली, आणि त्याबरोबर उमराव, कलावंत, कारखानदार, सराफ असा सारा लवाजमा या गल्ल्यांच्या आसऱ्याला आला. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून याच नबाबाने बांधावयास घेतलेला बडा इमामबारा चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच्या मधल्या दालनावरचे सुमारे १६० फूट लांब आणि ५० फुटांहून अधिक रुंद छत एकाही तुळईवाचून, नुसत्या लाखौरी विटा आणि चुना यांच्या बळावर उभे आहे, हे तिथला प्रत्येक वाटाड्या अभिमानाने सांगतो. लाकडाची एवढी मोठी गरज ज्या राज्याने अशी टाळली, त्याच राज्याच्या राजधानीत शेजारच्या गल्ल्यांतून मुठीत मावेल एवढ्या लाकडाच्या तुकड्यावर एक अख्खा व्यवसाय पुढे पोसला गेला.

हा व्यवसाय कसा चालतो ते आधी सांगतो. कापड बेतले आणि कच्चे शिवले की ते छपाईकडे येते. छपाई करणारा घडी घातलेल्या कापडाची गादी असलेल्या बैठ्या मेजापुढे बसतो. डिंक मिसळलेल्या निळीत किंवा सफेद्यात ठसा बुडवतो, कापडावर ठेवतो, पाठीवर मुठीचा एक ठोका देतो आणि उचलतो. ही नीळ कच्ची असते, शेवटच्या धुलाईत ती निघून जावी अशीच तिची योजना असते. मागे राहतो तो केवळ दोरा. छापलेले कापड मग घरोघरी जाते, चौकात, शहराच्या इतर मोहल्ल्यांत, काकोरी-मलिहाबादकडच्या खेड्यांत, आणि तिथे बाया टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे टाके घालून ते भरतात. भरणाऱ्या बाईने मूळ नक्षी काढलेली नसते, ती ज्याने काढली त्याला तिने बहुधा पाहिलेलेही नसते. तिला मिळणारी आज्ञा एकच, ती म्हणजे कापडावरची निळी रेषा. ठशाच्या पाकळीला केसाएवढी चीर गेलेली असेल तर रेषा तिथे तुटते, तुटलेली रेषा बाई आपल्या समजुतीने जोडते किंवा तशीच सोडते, आणि लाकडाचा दोष दोऱ्यात कायमचा उतरतो. धुलाईत नीळ गेल्यावर तो दोष कोणाचा, हे सांगायला पुरावाच उरत नाही, आणि मजुरी मात्र तिची कापली जाते.

वेलीच्या ठशाची गोष्ट याहून नाजूक आहे. कुर्त्याच्या घेराभोवती किंवा साडीच्या काठावर जी वेल धावते ती एकच ठसा पुनःपुन्हा टेकवून धावते, आणि प्रत्येक वेळी मागच्या ठशाचे टोक पुढच्याच्या आरंभाला तंतोतंत भेटावे लागते. सहा इंच लांबीचा ठसा कोरून झाल्यावर अर्ध्या टक्क्याने आकसला, तर एका ठशाच्या मापात ती चूक डोळ्यांना दिसणारदेखील नाही. पण वीस ठसे एकापुढे एक पडले की वेल अर्ध्या इंचाहून अधिक कमी भरते, आणि कागदावर मोजून बेतलेली नक्षी गळ्याच्या किंवा घेराच्या टोकाला येऊन फसते. त्यातून ठसे बहुधा संचाने असतात, काठाचा एक, कोपऱ्याचा एक, बुट्टीचा एक. ते निरनिराळ्या ओंडक्यांतून आणि निरनिराळ्या ऋतूंत कोरलेले असले तर प्रत्येकाचे आकसणे वेगळे. म्हणून ठसा कोरणाऱ्याचे हस्तकौशल्य कितीही थोर असले तरी त्याच्या हाती पडलेले लाकूड आधीच पुरते आकसून स्थिर झालेले असावे लागते.

हे लाकूड म्हणजे शिसू, उत्तरेत ज्याला शीशम म्हणतात ते. आपल्याकडच्या सह्याद्रीतील काळसर शिसवीचा हा सख्खा भाऊ, पण स्वभाव वेगळा: शिसवी डोंगरउताराच्या रानात वाढते, शिसू हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांच्या रेताड काठांवर, पुराने आणून टाकलेल्या गाळात, खैराच्या सोबतीने उगवतो. त्याचा गाभा तपकिरी, घट्ट, तेलकट आणि टिकाऊ. बाहेरचे पांढरे लाकूड मात्र किडीचे आवडते खाद्य, आणि कसबी माणूस ते निर्दयपणे छिलून टाकतो. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त ७२ जातींच्या लाकडांचे वजन घनगजाच्या मापाने नोंदवले आहे, त्यात खंजक सर्वांत जड आणि सफेदार सर्वांत हलके ठरले, शिसूचे सौंदर्य आणि टिकाऊपणाही त्याने वाखाणला आहे. मोगल दफ्तराची ही चिकित्सक वृत्ती पाहून मन प्रसन्न होते, कारण लाकडाच्या वजनात त्यातल्या पाण्याचेही वजन असते आणि पाणी मोजल्याखेरीज लाकूड कळत नाही, या विचाराच्या उंबरठ्यापर्यंत तो अंमल येऊन पोचला होता.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळीत मोकळे आणि पेशींच्या भिंतींत बांधलेले. मोकळे पाणी गेले तर लाकूड हलके होते, आकार बदलत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या शेकडा पंचवीस ते तीस इतके पाणी उरले की पुढचे जे जाते ते भिंतींतले, आणि तेथून आकसणे सुरू होते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. झाडाच्या उंचीच्या दिशेने ते नगण्य. गाभ्यापासून सालीकडे ते बेताचे. आणि वर्षवलयांच्या गोलाईच्या दिशेने त्याच्या दुपटीच्या आसपास. गोल ओंडका वाळताना सालीकडून गाभ्याकडे उभा चिरतो तो याच कारणाने, कारण त्याचा परीघ त्याच्या त्रिज्येपेक्षा अधिक आकसू पाहतो आणि शेवटी कुठे तरी फाटतो. बारीक नक्षीचा ठसा तर तंतूंच्या आडव्या छेदावर कोरतात, कारण तिथे पटाशीला कोणत्याही दिशेने सारखेच घट्ट लाकूड लागते आणि काठावरचा कण सोलून निघत नाही. परंतु याच छेदावर आकसण्याच्या दोन्ही त्रासदायक दिशा एकवटलेल्या असतात, आणि याच तोंडाने लाकूड बाजूंच्या मानाने दहा-पंधरापट वेगाने पाणी सोडते. बाहेरचा थर वाळून आकसतो, आतला अजून फुगलेला असतो, आणि ठसा चिरतो. ज्या छेदावर नक्षी सर्वांत सुंदर बसते, तोच छेद वाळताना सर्वांत बेइमान ठरतो, ही या कसबाच्या मुळाशी असलेली अडचण आहे.

ती अडचण जुन्या लोकांनी कशी निवारली, हे पाहणे फार आनंदाचे आहे. पहिला नियम असा की वाळवण्यासाठी ओंडका अख्खा ठेवायचा नाही. तो गाभ्यातून उभा फाडायचा, म्हणजे परिघाचा ताण मोकळा होतो, आणि ज्यात झाडाचा मध्यबिंदू येतो तो भाग ठशाला घ्यायचाच नाही. दुसरा असा की दोन्ही तोंडे शेणमातीने किंवा मेणाने लिंपून टाकायची, म्हणजे पाणी तोंडातून न पळता बाजूंनी संथपणे जाईल. तिसरा असा की तुकडे जमिनीपासून उचलून, मध्ये काड्या घालून, वाऱ्याच्या पण उन्हाबाहेरच्या जागी रचायचे, आणि अधूनमधून खालचे वर, वरचे खाली करायचे. मग थांबायचे. पावसाळा येतो, लाकूड थोडे फुगते. थंडीत पुन्हा आवळते. लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला कोरडा वारा, सुटते तेव्हा राहिलेसाहिलेले पाणी जाते. असे चार पावसाळे पाहिलेला तुकडा हातात घेतला की त्याच्या वजनावरून, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर येणाऱ्या खणखणीत आवाजावरून, जाणता माणूस त्याची पारख करतो. ओल्याचा आवाज बोदा येतो.

एवढ्यानेही काम संपत नाही. तुकडा ज्या खोलीत कोरायचा त्या खोलीत तो आणून ठेवतात, तिथल्या हवेची त्याला सवय होऊ देतात, मगच त्याचे तोंड दगडावर घासून आरशासारखे सपाट करतात. त्यावर पांढरा हात देऊन नक्षी उतरवतात, बारीक पटाश्यांनी रेषा उभ्या करतात, खोलगट भाग सामत्याने पोखरून काढतात, आणि कोंडलेली हवा निघून जावी म्हणून भरीव ठशाला आरपार भोके पाडतात. कोरून झालेला ठसा सरसूच्या तेलात दहा-पंधरा दिवस बुडवून ठेवण्याची चाल उत्तरेतल्या ठसेवाल्यांत सर्वत्र आहे. तेलाने तंतूंच्या उघड्या तोंडांत बूच बसते, कारण याच्या पुढे त्या ठशाला जन्मभर दिवसातून शेकडो वेळा ओल्या निळीत उतरायचे असते. ओले होणे आणि वाळणे हेच ज्याचे आयुष्य, त्याला आयुष्य सुरू होण्यापूर्वीच त्या दोन्हींची ओळख करून दिली जाते.

लखनौची हवा या बाबतीत कठोर परीक्षक आहे. मुंबईकराला किंवा रत्नागिरीकराला हवेचा ओलावा बारमाही सोबतीला असतो. त्याचे दार श्रावणात फुगून बसते आणि मार्गशीर्षात सुटते, एवढाच काय तो फरक. चौकात मे महिन्याच्या दुपारी पश्चिमेकडून लू वाहते तेव्हा हवा इतकी कोरडी होते की तिच्यात ठेवलेले लाकूड सहा-सात टक्के ओलाव्यापर्यंत उतरू पाहते, आणि दोन-अडीच महिन्यांतच पावसाची झड लागली की तेच लाकूड सोळा-सतरा टक्क्यांकडे चढू लागते; पुढे पौषातले धुके आहेच. म्हणून दुसऱ्या मुलखात वाळलेले लाकूड इथे तसेच चालत नाही. त्याने निदान एक पूर्ण वर्षचक्र याच शहरात काढावे लागते, आणि हे वर्ष कोणी तरी आपल्या पैशाने, आपल्या जागेत त्याला द्यावे लागते.

नबाबीत ते वर्ष देणारे बरेच होते. तराईच्या जंगलांतून, बहराइच, गोंडा, खिरी या भागांतून निघणारे लाकूड घाघरेच्या पात्रातून खाली येई आणि बहरामघाटासारख्या घाटांवर उतरे, तेथून बैलगाड्यांनी लखनौस. यातले साल जातीच्या झाडाचे ओले लाकूड पाण्यापेक्षा जड, ते आपले आपण तरंगत नाही. त्याला बांबूंच्या मोळ्या किंवा होड्या बांधून सोडावा लागे, आणि तोडीपासून बाजारापर्यंत त्याचे कित्येक महिने जात. हा विलंब म्हणजे व्यापाराची अडचण, असेच कोणाही हिशेबनिसाने लिहिले असते; पण पाण्यात पडून राहिलेल्या लाकडातला पिष्टमय रस धुऊन निघतो, किडीला त्यात चव उरत नाही, आणि पुढे ते वाळताना कमी ताठर वागते, हे नदीकाठच्या सुतारांना शास्त्राआधी ठाऊक होते. कोकणातही लाकूड पाण्यात दडपून ठेवण्याची चाल आहे ती याच अनुभवातून. आणि ब्रह्मदेशात साग तोडण्याआधी त्याच्या बुंध्याभोवती खोल खाच घेऊन तो दोन-तीन वर्षे उभ्याउभ्याच वाळू देत, ज्यायोगे तो नदीत तरंगे, ती युक्तीही याच घराण्यातली. घाटावर नदीने आपले काम केले की वखारवाला आपले करी: त्याचा माल वर्षानुवर्षे पडून असे, कारण जमीन स्वस्त होती आणि पडून राहिलेल्या लाकडाला भाव अधिक मिळे. आणि मागणी दरबाराची, उमरावांची होती, जे आज सांगून उद्या मागत नसत.

१८५६ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर जनरल डलहौसीने अवधचे राज्य खालसा केले, तिथला नबाब वाजिद अली शाह कलकत्त्यास मटियाबुर्जला गेला, आणि १८५८ च्या मार्चमध्ये बंडवाल्यांचा पाडाव करून इंग्रज फौजा शहरात शिरल्या. त्यानंतर नेपियर या लष्करी अभियंत्याच्या आराखड्याने जुन्या वस्तीतून रुंद लष्करी रस्ते काढण्यात आले. घरे पडली, अंगणे गेली, आणि ज्या परसांत लाकूड वर्षभर विसावत असे ती परसे सरकारी मोजणीत आली. दरबारी गिऱ्हाईक नाहीसे झाल्यावर चिकनकारी बाजाराकडे वळली. चौकातल्या महाजनांनी ती कलकत्त्याला, मुंबईला, विलायतेला पाठवायला सुरुवात केली, आणि पूर्वी एका पोशाखाला महिने घेणारे काम डझनाच्या भावाने मागितले जाऊ लागले. १८८० साली विल्यम होई या मुलकी अधिकाऱ्याने उत्तर हिंदुस्थानातील धंद्यांवर जो ग्रंथ लखनौत छापला, त्यात इथल्या कारागिरांचा कच्चा माल, मजुरी आणि नफा यांचा बारकाईने हिशेब मांडला आहे. अशा तऱ्हेच्या हिशेबांत लाकडाची किंमत येते, लाकूड पडून राहिल्याची किंमत येत नाही. कर बसवणाऱ्या दफ्तराला वाट पाहणे हा खर्च दिसतच नाही.

त्याच सुमारास लाकडाची वाटही बदलली. जंगले सरकारजमा झाली, १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी त्यांच्या सीमा आखल्या, तोड खात्याच्या हाती गेली, आणि विक्री डेपोतल्या लिलावाने होऊ लागली. रेल्वेला सालाचे स्लीपर हवे होते आणि ते लवकर हवे होते. आगगाडीने जे लाकूड नदीवर महिने काढत असे ते दिवसांत शहराच्या दारात आणून टाकले. यात कोणाचा दुष्टावा होता असे मी म्हणणार नाही. पण नदीचे फुकटचे काम बंद पडले, लिलावात पैसा गुंतवून बसलेल्या ठेकेदाराला माल ताबडतोब खपवणे भाग पडले, आणि बाजारात येणारे लाकूड अधिकाधिक ओले येऊ लागले. वाट पाहण्याचा भार वखारीतून निसटून छोट्या कारागिराच्या ओसरीवर आला तो या वेळी.

सरकारला हा प्रश्न कळला नव्हता असे नाही. डेहराडूनला १९०६ साली वनसंशोधनाची संस्था स्थापन झाली, आणि पहिल्या महायुद्धानंतर तिथे लाकूड वाळवण्याच्या भट्ट्यांवर, म्हणजे बंदिस्त खोलीत उष्णता आणि वाफ यांचे प्रमाण राखून लाकडातले पाणी आठवड्यांत काढण्यावर, हिंदी लाकडांच्या जातीजातीगणिक मोलाचे प्रयोग झाले. रायफलीचे दस्ते, रेल्वेचे डबे, खोकी, फर्निचर यांना त्याचा फार मोठा उपयोग झाला, आणि त्या संशोधकांविषयी कृतज्ञताच वाटली पाहिजे. मात्र भट्टी चालते ती घनफुटांच्या शेकड्यांवर. ज्याला वर्षाला एका बैलगाडीभर शिसू लागतो, त्या माणसाचा आणि भट्टीचा रस्ता कधी एकमेकांना लागलाच नाही.

मराठी वाचकाला या गोष्टीची साक्ष हवी असेल तर ती मिरजेला मिळेल, जिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे आणि सतारी घडतात. तिथे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येणारे भोपळे आणि तुणीचे लाकूड वाळू देण्याची परंपरा टिकली, आणि ती टिकण्याचे कारण असे की तंबोऱ्याचे गिऱ्हाईक गवई असतो. ओल्या लाकडाचा आवाज त्याच्या कानाला ताबडतोब कळतो आणि तो वाद्य परत करतो. १९२६ साली भातखंड्यांनी लखनौच्या कैसरबागेत संगीताचे विद्यालय उभारले, तेव्हा त्या शहरालाही असे आणखी कान लाभले. चिकनच्या ठशाला असा परीक्षक नाही. त्याचा दोष पोचतो तो बाईच्या मजुरीपर्यंत, आणि तिथून वर परत येण्याची वाट नाही.

आजची स्थिती आणखी बिकट आहे. १९९० नंतरच्या वर्षांत उत्तर प्रदेश, बिहार आणि नेपाळच्या तराईत शिसूची झाडे उभीच्या उभी वाळून मेली. बुरशीचा रोग, पाणी साचलेल्या जमिनी, एकाच जातीच्या दाट लागवडी, अशी त्याची कारणे सांगितली गेली. २०१७ च्या जानेवारीपासून शिसू-शिसवीचे सारे कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणयादीत आले, आणि लाकडी हस्तव्यवसायाच्या निर्यातीला परवान्यांचे जाळे पडले. रोगाने मेलेल्या आणि अकाली तोडलेल्या झाडांचा गाभा अरुंद असतो, त्यात पांढरे लाकूड अधिक; ते ठशाला घेतले की वर्षभरात त्यातून पिठासारखा भुसा गळू लागतो. लखनौ चिकनकारीला २००८ साली भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण त्या संरक्षणाने टाक्याचे नाव राखले तरी ठशाचे लाकूड राखले जात नाही. जुन्या छपाईवाल्यांच्या फळ्यांवर आजोबा-पणजोबांच्या काळचे ठसे शेकड्यांनी रचलेले असतात आणि त्यातले पुष्कळ अजून कामात आहेत. त्यांच्या शेजारी गेल्या दोन-चार वर्षांतले ठसे ठेवून पाहिले तर चिरा कुठे आहेत ते सांगावे लागत नाही.

मला यावर एकच उपाय व्यवहार्य वाटतो, आणि तो महागडा नाही. चौकाच्या आसपास, सहकारी तत्त्वावर, ठसेवाल्यांची एक सामायिक वखार असावी: पत्र्याचे छप्पर, चारी बाजू मोकळ्या, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ओटे. वनविकास मंडळाने तिला दरवर्षी लिलावाबाहेर, ठरावीक दराने, जून गाभ्याचा थोडा शिसू द्यावा. तो उभा फाडून, तोंडे लिंपून, त्यावर आल्याचे साल खडूने लिहून रचावा. आणि तीन वर्षे पुरी होण्याआधी त्यातला तुकडा कोणालाही, कितीही निकड असली तरी, देऊ नये. पहिली तीन वर्षे वखारीला उत्पन्न नसेल, म्हणून तेवढ्या काळाचा रखवालदाराचा पगार आणि जागेचे भाडे हस्तव्यवसाय खात्याने उचलावे. चौथ्या वर्षापासून विक्रीतूनच नवा माल भरता येईल, आणि ठसा कोरणाऱ्याला आपल्या पोरांच्या अंथरुणाखाली ओंडके वाळत घालण्याची पाळी येणार नाही.